गळ्यातील ताईत

बारशाचे निमंत्रण हाती पडले की, घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला प्रथम आठवण होते ती काळ्या मण्यांची. झबले, कुंची, चांदीचे वाळे हे सारे यथावकाश येतेच. परंतु मध्ये सोन्याचा एखादा मणी घालून ओवलेल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या बाळाच्या हाती चढल्या म्हणजे तिला आपले कर्तव्य पार पडल्यासारखे वाटते. ही भेट किमतीने अगदी लहान. आहेराच्या यादीत तिची नोंदही कोणी करीत नाही. तरीही, वाचकहो, आपण देशाच्या ज्या भागात राहत असाल तेथील शेजाऱ्यांच्या घरात सहज डोकावून पाहा. नाव बदललेले दिसेल, धागा बदललेला दिसेल, पण भेट हीच आढळेल.

उत्तर भारतात या मनगट्यांना 'नजरिया' म्हणतात. केरळात जन्मानंतर अठ्ठाविसाव्या दिवशी 'नूलुकेट्टु' म्हणजे धागा बांधण्याचा विधी होतो आणि बाळाच्या कमरेला काळा धागा बांधला जातो. तमिळनाडूत वेखंडाच्या तुकड्यांची कांकणे करून बाळाच्या मनगटात घालतात. आपण बाळगुटीत उगाळतो तेच हे वेखंड. तमिळ घरांत त्याला 'पिळ्ळै वळर्प्पान', म्हणजे 'मूल वाढविणारे', असे लाडके नाव आहे. ज्याच्या नावाचे आपल्याला नेहमी हसू येते तो बजरबट्टूही याच कुळातला. श्रीताल नावाच्या प्रचंड ताडवृक्षाचे ते कठीण बी होय. हा वृक्ष तीस ते ऐंशी वर्षे नुसता वाढत राहतो, आयुष्यात एकदाच फुलतो, फळांनी लगडतो आणि मरून जातो. मुलाच्या दीर्घायुष्यासाठी अशा झाडाचे बी निवडणाऱ्यांना त्याचा हा जीवनक्रम ठाऊक होता की नव्हता, कोण जाणे. पण एका पिढीने आपले सर्वस्व पुढील पिढीला देऊन टाकावे याचे याहून बोलके उदाहरण वनस्पतिसृष्टीत शोधून सापडणे कठीण.

मराठीत या सर्व वस्तूंना मिळून एक सुटसुटीत शब्द आहे: ताईत. तो अरबी 'तावीज'वरून आला आणि त्या शब्दाचा मूळ धातू 'आश्रय मागणे' या अर्थाचा आहे. शब्द बाहेरून आला खरा, परंतु मराठीने त्याला जे वळण दिले ते सर्वस्वी तिचे आहे. एखादी व्यक्ती कोणाची अत्यंत आवडती असली तर ती त्याच्या 'गळ्यातील ताईत' आहे असे आपण म्हणतो. हा वाक्प्रचार जरा थांबून पाहण्यासारखा आहे. जे रक्षण करते त्याचे नाव, ज्याचे रक्षण करावेसे वाटते त्यालाच देऊन आपण मोकळे झालो! दोहोंत भेद करण्याची गरज भाषेला वाटली नाही.

आणि भेद करावा तरी का? या भेटीचे मर्म तिच्या धातूत किंवा मण्यात नसून ती कोणाच्या हातून आली यात आहे. ग्रहांच्या सल्ल्याने स्वतःसाठी खड्यांच्या अंगठ्या करून घेणारे लोक आहेत. त्यांचा विषय वेगळा. बाळाचा ताईत मात्र नेहमी दुसऱ्याने दिलेला असतो. आत्याने, आजीने, मामीने, किंवा शेजारच्या काकूंनी.

ही चाल किती प्राचीन आहे याचा अंदाज अथर्ववेदावरून येतो. त्या वेदात 'मणि' हा शब्द रत्न या अर्थाने नव्हे, तर अंगावर बांधावयाची रक्षक वस्तू या अर्थाने वारंवार येतो. तो मणी खैराचा असेल, पळसाचा असेल, दर्भाचाही असेल. चौथ्या कांडातील एका सूक्तात समुद्रातून जन्मलेल्या शंखाचा मणी आयुष्यवृद्धीसाठी बांधला जातो. म्हणजे आज दोन रुपयांच्या काचेच्या मण्याला जेव्हा आपण सहज 'मणी' म्हणतो, तेव्हा एका फार जुन्या शब्दाचा त्याच्या जुन्या कामासाठी उपयोग करीत असतो.

परंतु या भेटीचा अर्थ सर्वांत सुंदर रीतीने सांगितला तो कालिदासाने. 'शाकुंतला'च्या सातव्या अंकात दुष्यंत मारीच ऋषींच्या आश्रमात येतो. तेथे एक लहान मुलगा सिंहाच्या छाव्याशी झोंबत त्याचे दात मोजू पाहत आहे. हा आपलाच पुत्र हे राजाला ठाऊक नाही. मन मात्र उगाच ओढ घेते. झटापटीत मुलाच्या मनगटावरील रक्षाकरंडक गळून खाली पडतो. राजा तो सहज उचलू जातो, आणि तापसी घाबरून ओरडतात की, हात लावू नका! तोवर त्याने तो उचललेला असतो. दोघी स्तब्ध होऊन एकमेकींकडे पाहतात. जातकर्माच्या वेळी मारीचांनी दिलेली ती अपराजिता नावाची औषधी. ती भूमीवर पडली असता आई, बाप किंवा स्वतः मूल यांखेरीज अन्य कोणी उचलली तर सर्प होऊन दंश करते, असा तिचा प्रभाव. आणि तो प्रत्यक्ष घडताना त्यांनी अनेकवार पाहिलेला. राजाच्या हातात मात्र ती औषधीच राहिली. अंगठी हरवल्यामुळे तुटलेले नाते एका मनगटावरच्या ताइताने जुळले. वाचकांनी हा प्रसंग पुन्हा वाचताना एवढे अवश्य पाहावे की, कालिदासाने त्या रक्षेकडून सिंहाला पळवून लावण्याचे काम करून घेतले नाही. हे मूल कोणाचे आहे, एवढेच तिने सांगितले.

दक्षिणेतही हा धागा तितकाच जुना आहे. प्राचीन तमिळ वाङ्मयात मुलांच्या गळ्यातील 'ताली'चे उल्लेख येतात. कोठे ती वाघाच्या दातांची असते, तर कोठे विष्णूच्या पाच आयुधांच्या लहान प्रतिमांची. या दुसरीला 'ऐम्पडैत्ताली' म्हणत. 'पुरनानूरु' या संग्रहातील एका कवितेत तरुण पांड्य राजा नेडुंजेळियन रणांगणात उभा आहे, आणि कवी नवल करतो की, याने बाळपणची ताली तर अजून उतरविलेलीही नाही! श्रीलंकेत आजही तान्ह्या मुलाला 'पंचायुध' नावाचे पाच आयुधांचे पदक भेट देतात. रोमन लोकांतही असेच होते. स्वतंत्र नागरिकाच्या मुलाच्या गळ्यात 'बुल्ला' नावाची डबी असे, आत रक्षक वस्तू असे आणि मूल वयात आले म्हणजे ती डबी उतरवून घरातील देवांना अर्पण करीत. बाळपण संपल्याची खूण म्हणून ताईत उतरविणे हे रोम आणि मदुरा या दोन्ही ठिकाणी एकच होते. त्याच रोममध्ये, पहिल्या शतकातील प्लिनी लिहितो, तान्ह्या मुलांच्या अंगावर पोवळ्याची फांदी बांधीत. आणि तेथेच सांगतो की, आम्हाला भारतातील मोत्यांचे जेवढे मोल, तेवढेच भारतीयांना आमच्या पोवळ्यांचे. दूरची वस्तू अधिक गुणकारी वाटावी, हा मनुष्यस्वभावच.

मुलाइतकीच काळजी आपल्याला वाटते ती दूर निघालेल्या माणसाची. मुसलमान कुटुंबांत प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडावर 'इमाम जामिन' बांधतात. कापडाच्या पट्टीत एक नाणे गुंडाळलेले असते. आठवे इमाम रझा यांना प्रवाशाचे जामीन मानून त्यांच्या नावाने ते बांधले जाते. मुक्कामी सुखरूप पोहोचल्यावर प्रवासी ते नाणे सोडून गरजूला दान करतो. आईच्या हातून निघालेली काळजी अशा रीतीने परक्या गावी कोणाच्या तरी मुखी अन्नाचा घास होऊन पोहोचते. जपानात मंदिरातून आणलेल्या 'ओमामोरी' नावाच्या लहानशा रेशमी पिशव्या परीक्षेस बसणाऱ्या मुलाला किंवा नव्याने मोटार चालविणाऱ्याला देतात. पिशवी उघडून आत पाहावयाचे नाही, आणि वर्ष सरले की ती मंदिरात परत करावयाची, असा तेथे परिपाठ आहे.

येथवर सारे गोड झाले. पण भेट देणाऱ्याने ज्या गोष्टींकडे डोळेझाक करून चालणार नाही, त्यांविषयीही बोलले पाहिजे.

पहिली गोष्ट वाघनखांची. सोन्यात मढविलेली दोन वाघनखे मुलाच्या गळ्यात घालण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. बाळकृष्णाच्या चित्रांतही ती दिसतात. परंतु १९७२ साली झालेल्या मोजणीत देशात सुमारे १,८०० वाघ उरल्याचे आढळले, त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ मध्ये नऊ अभयारण्यांत व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. २०२२ च्या गणनेत वाघांची संख्या सरासरी ३,६८२ असल्याचा अंदाज निघाला. ही वाढ फार कष्टाने झाली आहे. वाघनखाची खरेदी-विक्री हा आज तीन ते सात वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. पिढीजात नखे घरात असली तरी त्यांच्या मालकीचा सरकारी दाखला लागतो. एका पिलाच्या आयुष्यासाठी दुसऱ्या मातेचे पिलू मारावे, हे त्या भेटीच्या हेतूशी तरी कसे जुळावे?

दुसरी गोष्ट धातूची. २००६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात चार वर्षांचे एक मूल दगावले. नवीन बुटांच्या जोडाबरोबर 'भेट' म्हणून मिळालेल्या साखळीतील हृदयाच्या आकाराचे पदक त्याने गिळले होते. तपासणीत ते पदक शेकडा ९९ भाग शिसे असल्याचे निघाले. शुभचिन्ह म्हणून दिलेली ती क्षुल्लक वस्तू जवळ जवळ निव्वळ विष होती! जत्रेत किंवा रस्त्यावर मिळणारी, हाताला जड लागणारी, करड्या रंगाची स्वस्त पदके व ताईत म्हणूनच मुलाच्या तोंडी जाईल अशा ठिकाणी बांधू नयेत. मण्यांच्या आकाराचाही विचार हवा. खेळण्यांची परीक्षा करणारे तज्ज्ञ सुमारे ३२ मिलिमीटर रुंदीच्या नळीत मावेल अशी कोणतीही सुटी वस्तू तीन वर्षांखालील मुलास धोक्याची समजतात. या मापात आपले सारे मणी बसतात. तेव्हा ते पक्क्या दोऱ्यात, गाठ मारून, मनगटातच असावेत. झोपलेल्या बाळाच्या गळ्यात दोरा मुळीच नसावा.

तिसरी गोष्ट दृष्टीची. बाळ किरकिर करू लागले, दूध टाकू लागले की आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकते. तिने ते अवश्य करावे. तिच्या मनाला स्वस्थता येते आणि घरातील ओरडा थांबतो. परंतु बाळाला जुलाब होत असतील तर त्याच मिठाकडे दुसऱ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने माणसे पटापट मरत होती. शिरेतून द्यावयाचे औषधी पाणी संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज पाण्यात कालवून ते पिण्यास देण्यास सुरुवात केली. शंभरांत सुमारे तीस रुग्ण दगावत होते, तेथे ते प्रमाण चाराहूनही कमी झाले. आज अशीच पूड पुडीतून प्रत्येक आरोग्य केंद्रात मिळते. बारशाला जाताना मनगट्यांच्या डबीत अशा दोन पुड्या ठेवल्या, तर त्या बाळाच्या आईला हसू येईल खरे, पण ती त्या टाकून देणार नाही.

मनगट्यांचे पुढे काय होते, हे आपण पाहिलेच असेल. बाळ अंग धरू लागते, मनगटे गुबगुबीत होतात आणि दोरा काचू लागतो. आजी तो कात्रीने कापते, आणि त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते वजनाच्या काट्याने कधी कोणाला दिले नसेल. मणी एका लहान डबीत जातात, डबी कपाटात जाते. मग वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या तरी घरून बारशाचे निमंत्रण येते. डबी उघडली जाते, मणी कोमट पाण्यात धुऊन पुसले जातात. एखादा काळा मणी हरवलेला असतो, तेथे नवा ओवला जातो. दोराही नवा घेतात. मधला सोन्याचा मणी मात्र तोच असतो.