पोटातील रक्तस्राव : चिन्हे ओळखा, वेळेत रुग्णालय गाठा

अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग मिळून पचनमार्गाचा वरचा भाग तयार होतो. येथील रक्तस्राव बाहेरून दिसत नाही आणि पोट दुखेलच असेही नाही. म्हणून त्याची चिन्हे घरातील प्रत्येकास ठाऊक असावीत.

धोक्याची चिन्हे
• रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट उलटी
• डांबरासारखा काळा, चिकट व उग्र दर्पाचा मल
• चक्कर, थंड घाम, छातीत धडधड, शुद्ध हरपणे

लोहाच्या गोळ्यांमुळेही मल काळा होतो. तरीही शंका असल्यास डॉक्टरांना दाखवावे.

कारणे
जठर किंवा आतड्यातील व्रण, म्हणजे अल्सर, हे प्रमुख कारण होय. हे व्रण बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या सेवनाने होतात. दुसरे गंभीर कारण यकृताचा सिरोसिस. त्यात अन्ननलिकेतील व जठरातील शिरा फुगतात आणि फुटू शकतात.

आजचे उपचार
पूर्वी अशा अनेक रुग्णांचे पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागे. आता बहुतेकांचा रक्तस्राव तोंडावाटे दुर्बीण घालून, म्हणजे एंडोस्कोपीने, थांबवता येतो. प्रथम सलाईन व औषधांनी प्रकृती स्थिर केली जाते आणि त्यानंतर साधारणतः २४ तासांच्या आत ही तपासणी केली जाते.

व्रणातून रक्त येत असल्यास त्याभोवती ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन देऊन रक्तवाहिनी क्लिपने मिटवतात किंवा उष्णतेने बंद करतात. एवढ्याने भागले नाही तर अधिक पकड असलेली मोठी क्लिप बसवतात किंवा रक्त थांबवणारी भुकटी फवारतात. भुकटीचा परिणाम तात्पुरता असतो. तेवढ्या अवधीत पुढील उपचार करता येतात. तरीही रक्त न थांबल्यास धमनीतून बारीक नळी नेऊन ती रक्तवाहिनी आतून बंद करता येते.

अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांना रबराची छोटी वळी बसवतात. जठरातील शिरांमध्ये विशेष गोंद सोडतात. सोबत शिरांमधील दाब कमी करणारी औषधे व प्रतिजैविके दिली जातात.

दोन गैरसमज
‘जितके जास्त रक्त चढवावे तितके चांगले’ हे खरे नाही. स्थिर रुग्णास हिमोग्लोबिन साधारणतः ७ ग्रॅमच्या खाली गेल्यावर रक्त दिले जाते. हृदयरोग्यांसाठी ही मर्यादा अधिक असते.

रक्त गोठवणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड येथे उपयोगी पडेल अशी आशा होती. परंतु २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १२,००० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. उलट शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढला. म्हणून अशा इंजेक्शनचा आग्रह धरू नये.

कुटुंबीयांनी काय करावे
• रुग्णास कुशीवर निजवावे. खाण्यापिण्यास किंवा घरगुती औषध देऊ नये.
• १०८ क्रमांकाची सेवा असल्यास रुग्णवाहिका बोलवावी. अन्यथा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. सकाळपर्यंत थांबू नये.
• रुग्ण घेत असलेली सर्व औषधे सोबत न्यावीत. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, तसेच मद्यपान व यकृताचा आजार यांविषयी काहीही लपवू नये.

रक्त थांबल्यानंतर
रक्त थांबले म्हणजे आजार संपला असे नव्हे. जिवाणू आढळल्यास प्रतिजैविकांचा संपूर्ण क्रम घ्यावा. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. हृदयविकारासाठीची ॲस्पिरिन मात्र स्वतःहून बंद किंवा सुरू करू नये. शिरांना वळी बसवलेल्या रुग्णांनी ठरलेल्या तारखांना पुन्हा तपासणी करून घ्यावी आणि मद्य पूर्णतः वर्ज्य करावे.

उपचार उपलब्ध आहेत. ते वेळेत मिळणे मात्र पहिले चिन्ह ओळखणाऱ्या घरच्या माणसावर अवलंबून असते.