अनुरूपणाने शिकविणाऱ्या पाठ्यनिर्देशिकेचे शिक्षण

वेरूळहून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय, म्हणजे लोकांची ‘घाटी’, सुमारे ३० किलोमीटर दूर आहे, आणि जुन्या वाटेवर दौलताबादचा घाट लागतो. प्रसूतीनंतर रक्तस्राव सुरू झालेल्या स्त्रीला हे अंतर फार होय. जवळच्या परिचारिकेने पहिल्या काही मिनिटांत काय केले, यावर तिचे जगणे पुष्कळदा अवलंबून असते. तथापि त्या परिचारिकेस शिक्षणकाळात असा प्रसंग स्वतः हाताळावा लागलाच असेल, असे नाही. अशा वेळी विद्यार्थिनीस मागे उभे करतात, व ते रास्तच आहे.

ही उणीव भरून काढणाऱ्या अध्यापनपद्धतीस ‘सिम्युलेशन’ म्हणतात. येथे आपण तीस ‘अनुरूपण’ म्हणू. कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील परिचारिका विद्यालयासाठी ‘मिसेस चेस’ ही मनुष्याकृती बाहुली १९११ सालीच तयार झाली होती. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात ह्या पद्धतीस स्थान मिळाले आहे.

रक्तस्रावाच्या पाठासाठी एक साधे साधन मिळते. पाठ्यनिर्देशिका ते कमरेस बांधते व स्वतःच बाळंतीण होते. आवरणाआड एका हाताने ती रक्ताचा प्रवाह वाढविते, गर्भाशय सैल ठेविते. मध्येच कण्हते, पाणी मागते. विद्यार्थिनीने मदतीस हाक मारावी, त्याच वेळी गर्भाशय चोळावे व ऑक्सिटोसिन द्यावे, अशी अपेक्षा असते. हे सर्व एका दिवसात शिकता येते. परंतु साधन चालविता येणे म्हणजे शिकविता येणे नव्हे.

खरे अवघड काम प्रसंग संपल्यावरच्या चर्चेत आहे. दाखवावे, करवून घ्यावे, चूक सांगावी, ही आपल्या वर्गांची जुनी रीत. जेनी रुडॉल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वेगळी रीत मांडली : शिक्षिकेने स्वतःचे मत लपवू नये, पण विद्यार्थिनीचा विचारही प्रामाणिकपणे विचारावा. उदाहरणार्थ, ‘‘तू आधी डॉक्टरांना दूरध्वनी केलास, तोवर गर्भाशयास हात लावला नाहीस. तेवढ्यात बरेच रक्त जाईल असे मला वाटले. तुझ्या मनात काय होते?’’ विद्यार्थिनी म्हणेल, ‘‘डॉक्टरांच्या आज्ञेवाचून हात लावू नये, असे वाटले.’’ येथे उणीव कौशल्याची नाही. ती रुग्णालयातील अधिकाराच्या उतरंडीतून आलेली आहे, आणि केवळ हाताचा सराव वाढवून ती जाणार नाही. ‘चूक’ एवढेच म्हणून पुढे जाणाऱ्या शिक्षिकेस हे उत्तर कधी ऐकूच येत नाही.

म्हणून पाठ्यनिर्देशिकेच्या प्रशिक्षणाचा मोठा भाग ह्या चर्चेसाठी राखावा, असे आमचे मत आहे. तिने प्रथम विद्यार्थिनी होऊन प्रसंगातून जावे. नंतर चर्चा चालवावी व सहकारी पाठ्यनिर्देशिकेने ती टिपून घ्यावी : प्रश्न किती, उपदेश किती, उत्तरासाठी थांबणे किती. यास महागडी प्रतिमा लागत नाही. वेळ मात्र लागतो. प्रसंग दहा मिनिटांचा असेल, तर चर्चेस निदान वीस.