कॉलेज चालू असताना ‘भत्ता’ मिळतो का?

बारावीचा निकाल लागला की मुंब्रा, भिवंडी, कल्याणकडचे पालक हमखास विचारतात, “सर, मुलगा सकाळी कॉलेजला जातो, दुपारनंतर रिकामाच असतो. काम करायला तयार आहे. मग त्याला सरकारचा दहा हजारांचा भत्ता का मिळत नाही?”

लोक ज्याला भत्ता म्हणतात, ते जुलै 2024 मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचे विद्यावेतन आहे. घरी बसून ते मिळत नाही. कार्यालयात किंवा कारखान्यात प्रशिक्षण घ्यावे लागते. वय 18 ते 35. बारावी पास असेल तर महिना 6,000, आयटीआय किंवा पदविका असेल तर 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये. मुदत आधी सहा महिन्यांची होती, 2025 मध्ये ती 11 महिन्यांपर्यंत वाढवली गेली.

आणि अट सरळ आहे: ज्याचे शिक्षण चालू आहे, तो पात्र नाही. दुपारी मोकळा आहे, काम करायची तयारी आहे, याला तिथे किंमत नाही. शेजारच्या कर्नाटकातल्या युवानिधीतही पुढे शिकणाऱ्यांना वगळले आहे. मला ही अट गरीब घरांवर जाचक वाटते. आपल्याकडची कितीतरी मुले कॉलेज सुटल्यावर दुकानात, गोदामात राबतच असतात.

म्हणून काही घरांत दोन वाटा सुचतात. एक, शिक्षण लपवून अर्ज करायचा. खोटे लिहून देण्याच्या भानगडीत मुलाला घालू नका. दुसरी, तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडायचे. हिशेब करून बघा. पदवी अर्धवट टाकणारा बारावी पास म्हणूनच धरला जाईल, म्हणजे 6,000. वर्षभर थांबून पदवी घेतली तर 10,000. शिवाय या योजनेचा लाभ माणसाला एकदाच मिळतो. घाईत 6,000 वर तो संपवला, तर पदवी हातात आल्यावर काही उरत नाही. प्रशिक्षणानंतर नोकरी मिळेलच, अशी हमीही नाही.

शिकता शिकता कागद मात्र तयार ठेवता येतात. अधिवासाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते आणि शिक्षण संपताच महास्वयम् संकेतस्थळावर नोंदणी करून मिळणारा रोजगार क्रमांक. नियम बदलत असतात, तेव्हा अर्जाच्या वेळी ते तिथेच पुन्हा वाचावेत.

आपल्या मुलांचे घोडे बहुधा नावापाशी अडते. दाखल्यावर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मो.’, बँकेत ‘मोहंमद’. मुलींच्या बाबतीत ‘शेख’ कधी नावाआधी, कधी शेवटी. मूल शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन ही दुरुस्ती करून घेणे सोपे असते. शाळा सुटल्यावर तेच काम लांबते, आणि नाव बदलायचेच झाले तर राजपत्रापर्यंत जावे लागते.