निवृत्तिखात्यातून काढलेल्या रकमेची परतफेड : अमेरिकी करविवरणातील नोंदीचे स्वरूप

आपल्याकडील प्राध्यापकास भविष्य निर्वाह निधीतील परतावा अग्रिम चांगलाच परिचयाचा असतो. रक्कम उचलावी, हप्त्याहप्त्याने ती वेतनातून वळती व्हावी आणि प्राप्तिकर विवरणपत्रात तिचा उल्लेखही येऊ नये, असा हा सरळ व्यवहार. अमेरिकेत नोकरी करणारे आपले माजी विद्यार्थी वा मुले-मुली तेथील निवृत्तिखात्याविषयी हाच समज धरून बसली, तर मात्र फसगत संभवते. प्रस्तुत लेखात त्या व्यवहाराच्या करविषयक नोंदीचे विवेचन केले आहे.

तेथील पारंपरिक वैयक्तिक निवृत्तिखाते (आयआरए) १९७४ च्या कायद्याने, तर मालकामार्फतच्या ४०१(के) योजनेची तरतूद १९७८ च्या कायद्याने आली. भरणा करताना करसवलत आणि रक्कम काढताना कर, हे दोहोंमागील सूत्र आहे. म्हणूनच काढलेली रक्कम प्रथमदर्शनी उत्पन्नच समजली जाते. वयाची साडेएकोणसाठ वर्षे पूर्ण नसल्यास, अपवाद वगळता, १० टक्के अतिरिक्त करही लागतो. योजनेतून घेतलेले रीतसर कर्ज यात मोडत नाही. आपल्या अग्रिमाशी खरे साम्य त्याचेच.

काढलेली रक्कम ६० दिवसांच्या आत पात्र खात्यात पुन्हा भरल्यास ती करपात्र राहत नाही. यास 'रोलओव्हर' म्हणतात. तथापि करमुक्त असणे आणि नोंदीतून मुक्त असणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि सारा घोटाळा येथेच होतो. खाते सांभाळणारी संस्था रक्कम दिल्याचा 'फॉर्म १०९९-आर' काढते व त्याची प्रत करखात्याकडे जाते. पैसे पुढे परत भरले गेले की नाही, हे त्या फॉर्मवरून कळत नाही. परत भरल्याची नोंद असणारा 'फॉर्म ५४९८' मे महिन्याच्या अखेरीपर्यंत निघू शकतो, म्हणजे विवरणपत्राची एप्रिलमधील मुदत उलटून गेल्यावर! सबब करदात्यानेच विवरणपत्रात एकूण रक्कम एका ओळीत दाखवून करपात्र रकमेच्या ओळीत शून्य लिहावे आणि 'रोलओव्हर' असा निर्देश करावा. हे न केल्यास प्रामाणिकपणे पैसे परत भरलेल्या व्यक्तीलाही कराच्या मागणीची सूचना येऊ शकते.

दुसरी अडचण उद्गम करकपातीची. समजा, ४०१(के) मधून २०,००० डॉलर काढले. रक्कम खातेदाराच्या हाती दिल्यास २० टक्के, म्हणजे ४,००० डॉलर, सक्तीने कापले जातात व १६,००० हाती येतात. पूर्ण रक्कम परत भरावयाची तर ४,००० डॉलर पदरचे घालावे लागतात. कापलेला कर विवरणपत्रात जमा धरला जातो, पण तोवर थांबावे लागते. केवळ १६,००० भरल्यास उरलेले ४,००० करपात्र ठरतात आणि वय कमी असल्यास वर ४०० डॉलर अतिरिक्त कर. एका संस्थेकडून दुसरीकडे थेट हस्तांतर केल्यास हे टळते. शिवाय एका आयआरएमधून दुसऱ्यात असे रोलओव्हर बारा महिन्यांत एकदाच करता येते. खाती कितीही असली तरी मर्यादा व्यक्तीस एकच, असा निर्णय कर न्यायालयाने २०१४ मध्ये बोब्रो खटल्यात दिला. आजारपणासारख्या ठरावीक कारणाने ६० दिवस चुकल्यास २०१६ पासून स्वयंप्रमाणपत्राची सोय आहे.

करोनाकाळात चित्र बदलले. मार्च २०२० च्या 'केअर्स' कायद्याने साथीची झळ पोहोचलेल्यांना त्या वर्षी एक लाख डॉलरपर्यंत रक्कम १० टक्के अतिरिक्त कराविना काढण्याची, तिचे उत्पन्न तीन वर्षांत विभागण्याची आणि तीन वर्षांत परत भरण्याची मुभा दिली. समजा, जून २०२० मध्ये ३०,००० डॉलर काढले. २०२० आणि २०२१ च्या विवरणपत्रांत प्रत्येकी १०,००० दाखवून कर भरला. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्व रक्कम परत केली. अशा वेळी 'फॉर्म ८९१५-एफ' जोडल्यावर २०२२ चे १०,००० शून्य होतात. मागील दोन वर्षांचा भरलेला कर मात्र आपोआप परत येत नाही; प्रत्येक वर्षासाठी 'फॉर्म १०४०-एक्स' हे स्वतंत्र सुधारित विवरणपत्र द्यावे लागते. त्यासही सर्वसाधारणपणे मूळ विवरणपत्र भरल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. ज्याने पैसे परत केले पण हे कागद केले नाहीत, त्याचा कर सरकारजमाच राहिला.