मॉस्कोने न मागितलेली क्रांती

एका दिवसात उलटलेली सत्ता

२७ एप्रिल १९७८, गुरुवार. काबूलबाहेरच्या पुल-ए-चर्खी छावणीतून निघालेले रणगाडे दुपारच्या सुमारास राष्ट्राध्यक्षांच्या 'अर्ग' राजवाड्यावर येऊन धडकले. त्यांच्या पुढे मेजर अस्लम वतनजार होते, तर हवाई दलाची सूत्रे कर्नल अब्दुल कादिर यांनी हाती घेतली होती. रात्रभर गोळीबार चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद दाऊद खान आणि त्यांच्या कुटुंबातले अनेक जण मारले गेले. त्यांचे अवशेष सापडायला तीस वर्षे लागली. २००८ साली शहराबाहेरच्या एका सामूहिक कबरीत ते मिळाले.

अफगाण पंचांगातला तो 'सौर' नावाचा महिना, म्हणून ही 'सौर क्रांती'. नाव क्रांतीचे असले तरी रस्त्यावर ना कामगार उतरले होते, ना शेतकरी. सैन्यातल्या मोजक्या तुकड्यांचे हे बंड होते. पुढच्या महाभारताची मुळे इथेच आहेत.

दाऊद खानांची कसरत

दाऊद हे राजे जहीर शाह यांचे चुलतभाऊ आणि मेहुणेही. १९५३ ते १९६३ या काळात ते पंतप्रधान होते. पाकिस्तानातल्या पश्तून मुलखावर त्यांचा डोळा होता. अमेरिकेने शस्त्रे द्यायला नकार दिल्यावर त्यांनी मॉस्कोचा दरवाजा ठोठावला. तेव्हापासून अफगाण सैन्याचे रणगाडे, विमाने आणि अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण सोव्हिएत संघाकडून येऊ लागले. हिंदुकुशच्या पोटातून जाणारा सालांग बोगदा सोव्हिएत अभियंत्यांनी बांधला, तर हेलमंड खोऱ्यातली धरणे आणि कालवे अमेरिकी मदतीने झाले. दोन महासत्तांना एकमेकींविरुद्ध खेळवून देश चालवायचा, हे काबूलचे जुने तंत्र होते.

जुलै १९७३ मध्ये राजे उपचारासाठी इटलीत असताना दाऊद यांनी सत्ता घेतली आणि प्रजासत्ताक जाहीर केले. त्यात डाव्या अधिकाऱ्यांचा हातभार होता. बस्तान बसल्यावर दाऊद यांनी त्याच डाव्यांना बाजूला सारले आणि इराणचा शहा व अरब देशांकडे मदतीसाठी वळले. दुष्काळाने पोळलेली खेडी, शिकून बेकार बसलेले तरुण आणि एका माणसाच्या हाती एकवटलेली सत्ता, असा दारूगोळा साठत होता.

ठिणगी पडली १७ एप्रिल १९७८ रोजी. मीर अकबर खैबर या डाव्या नेत्याचा खून झाला आणि त्यांच्या अंत्ययात्रेला हजारो लोक जमले. गर्दी पाहून धास्तावलेल्या दाऊद यांनी कम्युनिस्ट नेत्यांची धरपकड सुरू केली. त्यांपैकी हफीजुल्ला अमीन यांना मात्र लगेच तुरुंगात न नेता घरीच नजरकैदेत ठेवले. त्या मोकळ्या तासांत अमीन यांनी लष्करातल्या आपल्या माणसांना उठावाचे निरोप धाडले.

एक पक्ष, दोन चुली

या कम्युनिस्टांच्या पक्षाचे नाव पीपल्स डेमोक्रॅटिक पार्टी. स्थापना १ जानेवारी १९६५, नूर मोहम्मद तराकी यांच्या काबूलमधल्या घरात. दोन वर्षांतच त्याचे 'खल्क' आणि 'परचम' असे दोन गट पडले. खल्कमध्ये तराकी आणि अमीन यांच्यासारखे खेड्यांतून वर आलेले पश्तूनभाषक होते. परचमचे नेते बबरक करमाल हे लष्करी जनरलचे चिरंजीव आणि त्यांचा गोतावळा शहरी, दरी भाषा बोलणारा. वाद मार्क्सचा म्हणून मांडला जाई, पण माझ्या मते त्यात भाषा, घराणे आणि मानपान यांचाच वाटा मोठा होता.

मॉस्कोने १९७७ मध्ये दोघांचे मनोमीलन घडवून आणले. सत्ता मिळाल्यावर ते तीन महिनेही टिकले नाही. तराकी सर्वेसर्वा झाले आणि करमाल यांची राजदूत म्हणून प्रागला बोळवण झाली.

फर्माने आणि बंडाळी

नव्या सरकारने फर्मानांचा सपाटा लावला. सावकारी कर्जे माफ केली, वधूमूल्यावर ३०० अफगाणींची मर्यादा घातली, मुलीच्या लग्नाचे वय किमान १६ ठरवले आणि चांगल्या जमिनीची कमाल मर्यादा ३० जरीब, म्हणजे सुमारे सहा हेक्टर केली. कागदावर यातले एकही कलम वाईट नाही.

प्रत्यक्षात शेतकऱ्याच्या हाती जमिनीचा कागद आला. बियाणे, बैल आणि पाण्याची पाळी आली नाही. ते सगळे ज्या खानाकडून किंवा सावकाराकडून मिळत असे, तो तर आता वर्गशत्रू ठरला होता. त्यात शहरातून आलेले कार्यकर्ते बायकांना साक्षरता वर्गाला बसायची सक्ती करू लागले. विरोध करणाऱ्यांची रवानगी पुल-ए-चर्खीच्या तुरुंगात होई. त्या काळात ठार केलेल्या सुमारे ५,००० जणांची यादी २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध झाली.

मार्च १९७९ मध्ये हेरात पेटले आणि तिथली लष्करी तुकडीच बंडखोरांना मिळाली. १८ मार्चला तराकी यांनी सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांच्याशी फोनवर बोलून सैन्य मागितले. या संभाषणाची नोंद पुढे उघड झाली आणि ती मुळातून वाचण्यासारखी आहे. कोसिगिन विचारतात, शहरातल्या कामगारांना शस्त्रे का देत नाही? तराकी सांगतात, कामगार आहेतच किती! मग ते सुचवतात की ताजिक, उझबेक, तुर्कमेन सैनिकांना अफगाण कपडे घालून पाठवा, कुणाला कळणार नाही. ही गोष्ट काही तासांत जगभर होईल, असे सांगून कोसिगिन यांनी ती मागणी टाळली. त्या दिवसांत सोव्हिएत पक्षाच्या पॉलिटब्युरोचाही निर्णय 'सैन्य नाही' असाच होता.

अमीन आणि मॉस्कोचा घोटाळा

सप्टेंबर १९७९ मध्ये अमीन यांनी तराकींना हटवले. ऑक्टोबरमध्ये तराकींचा उशीने गुदमरवून जीव घेण्यात आला. आजाराने निधन झाल्याची बातमी मात्र रीतसर छापून आली. अमीन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. ते अमेरिकेच्या कच्छपी लागतील ही शंका केजीबी या सोव्हिएत हेरसंस्थेला भेडसावू लागली. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी मॉस्कोची गत झाली.

१२ डिसेंबरला ब्रेझनेव्ह, आंद्रोपोव्ह, उस्तिनोव्ह, ग्रोमिको या मूठभर सोव्हिएत नेत्यांच्या पुढाकाराने सैन्य पाठवण्याचे ठरले. २७ डिसेंबरला ताजबेग राजवाड्यात अमीन यांच्या जेवणात विष कालवले गेले. या कटाची कल्पना नसलेल्या सोव्हिएत डॉक्टरांनीच त्यांना शुद्धीवर आणले आणि त्याच संध्याकाळी सोव्हिएत कमांडोंनी त्यांना ठार केले. हे सैन्य आपल्या मदतीला येत आहे, असा अमीन यांचा समज होता. त्यांच्या जागी करमाल आले.

महासत्तांचा हिशेब

अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी बंडखोरांना छुप्या मदतीची मंजुरी ३ जुलै १९७९ रोजीच दिली होती, पण ती किरकोळ होती. सोव्हिएत फौजा आल्यावर सारेच बदलले. 'सॉल्ट-२' हा अण्वस्त्र करार सिनेटमध्ये अडकून पडला, सोव्हिएत संघाला होणारी धान्यविक्री रोखली गेली आणि इराणचे आखात हे अमेरिकेचे मर्मस्थान असल्याचे कार्टर यांनी जाहीर केले. मॉस्को ऑलिम्पिकवर बहिष्कार पडला. हॉकीत बलाढ्य असलेले पाकिस्तान आणि पश्चिम जर्मनी आले नाहीत. भारताला तिथे मिळालेल्या हॉकीच्या सुवर्णपदकाचे कौतुक करताना ही पार्श्वभूमी विसरू नये.

जानेवारी १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने परकी सैन्य मागे घेण्याचा ठराव १०४ विरुद्ध १८ मतांनी केला. भारत तटस्थ राहिला. पाकिस्तानमार्फत शस्त्रांचा आणि सौदी-अमेरिकी पैशाचा ओघ सुरू झाला. १९८६ पासून खांद्यावरून डागायची स्टिंगर क्षेपणास्त्रे सोव्हिएत हेलिकॉप्टरांवर सुटू लागली. त्याच वर्षी सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी या युद्धाला वाहती जखम म्हटले. १९८८ मध्ये माघारीचा जिनिव्हा करार झाला आणि १५ फेब्रुवारी १९८९ रोजी शेवटची तुकडी अमू दर्या ओलांडून गेली. सोव्हिएत बाजूचे सुमारे १५,००० सैनिक मेले. अफगाण मृतांचा आकडा लाखांत जातो आणि पन्नास लाखांहून अधिक लोक निर्वासित झाले.

या शोकांतिकेचे सगळे खापर वॉशिंग्टन-मॉस्कोच्या चढाओढीवर फोडणे सोयीचे आहे, पण खरे नाही. दोन्ही राजधान्यांना या फासात ओढले ते काबूलमधल्या एका लहानशा पक्षाच्या घाईने आणि आपसातल्या सुंदोपसुंदीने. त्याच पक्षाचे अखेरचे नेते नजीबुल्ला यांचे सरकार एप्रिल १९९२ मध्ये कोसळले, तेव्हा त्याला पोसणारा सोव्हिएत संघ नकाशावरून पुसला जाऊन चार महिने झाले होते.