अंधार पडला की बंद पडणारा कॅमेरा

दिवसभर चित्र लख्ख असतं. दिवेलागण झाली की फाटकावरच्या कॅमेऱ्याचा चौकोन काळा पडतो आणि त्यावर ‘व्हिडिओ लॉस’ अशी अक्षरं येतात. मिनिटभराने चित्र परततं, पुन्हा जातं. मग कॅमेरा बोगस निघाला असं ठरवून नवा आणला जातो आणि चार दिवसांत तोही तेच करू लागतो. दोष बहुतेकदा कॅमेऱ्यात नसतोच, त्याला वीज पोचवणाऱ्या वायरीत असतो. कॅमेरा घेताना आपण मेगापिक्सेल विचारतो, वायर कोणती टाकणार हे विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

डीव्हीआरवर चालणारे घरगुती कॅमेरे साधारणपणे 12 व्होल्ट डीसीवर चालतात. डीव्हीआरशेजारच्या एसएमपीएसमध्ये घरातल्या 230 व्होल्टचे 12 होतात आणि तिथून प्रत्येक कॅमेऱ्याकडे ‘थ्री प्लस वन’ वायर जाते. तिच्यातली एक जाड तार चित्राची, बाकीच्या बारीक तारांपैकी दोन विजेच्या. दिवसा कॅमेऱ्याची भूक दोन-तीन वॅटची. अंधार पडला की इन्फ्रारेड एलईडी लागतात आणि भूक जवळजवळ दुप्पट होते.

आता हिशेब पाहा. फाटक 30 मीटरवर असेल, तर करंटला जाऊन-येऊन 60 मीटर वाट. पाव चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत तेवढ्या अंतराला सुमारे 4 ओहम रोध. रात्री 0.4 अँपिअर करंट गेला, तर 1.6 व्होल्ट वाटेतच संपतात आणि कॅमेऱ्याला 10.4 उरतात. एवढ्यात बरेच कॅमेरे कसेबसे निभावतात. पण स्वस्त वायरीत आत ॲल्युमिनियम आणि वरून नुसता तांब्याचा मुलामा असतो. तिचा रोध साधारण दीडपट, म्हणजे साडेनऊच्या आसपासच व्होल्ट पोचतात. त्यात जोड पिळून नुसता टेप गुंडाळलेला असेल, तर आणखी घट. कॅमेरा बंद पडतो. बंद पडला की एलईडी विझतात, व्होल्टेज वर येतं, तो पुन्हा सुरू होतो, एलईडी लागतात, आणि रात्रभर हेच चालतं.

याची परीक्षा मल्टिमीटरने भर दुपारीही करता येते. मात्र पिन काढून मोजू नका. कॅमेरा जोडलेला नसला की करंट वाहत नाही आणि मीटर पूर्ण 12 दाखवून मोकळा होतो. कॅमेरा चालू ठेवून त्याच्याजवळच्या जोडावर मोजा आणि काचेवर तळहात धरा. आत ‘टक्’ असा बारीक आवाज होतो, एलईडी मंद लालसर दिसू लागतात आणि मीटरवरचा आकडा घसरतो. तो किती घसरला, हेच खरं निदान.

एसएमपीएसवरचा बारीक स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवायची सवय काही कारागिरांना असते. ती मला मान्य नाही. दूरच्या कॅमेऱ्याचं भागतं, पण दारावरच्या जवळच्या कॅमेऱ्याला नको तेवढं व्होल्टेज मिळतं. दूरच्या कॅमेऱ्यासाठी जाड, शुद्ध तांब्याची वायर टाकावी. वायरीचं टोक ब्लेडने खरवडून पाहावं: लालीखाली पांढरी चमक दिसली तर आत ॲल्युमिनियम आहे.

घर नव्याने बांधत असाल, तर प्लास्टरआधीच पाईप टाकून कॅट-सिक्स केबल ओढून घ्या आणि पीओई कॅमेरे लावा. यात एकाच नेटवर्क केबलमधून चित्रही येतं आणि वीजही जाते, ती 48 व्होल्टच्या आसपास. व्होल्टेज चौपट झालं की तेवढ्याच वॅटसाठी करंट चौथाई पुरतो आणि वाटेतली गळती नगण्य होते. 2003 मध्ये ठरलेल्या मानकानुसार पोर्टवर 15.4 वॅट देता येतात, 100 मीटर केबलच्या टोकाशी 12.95 वॅट मिळण्याची हमी असते. घरगुती कॅमेऱ्याला हे भरपूर झालं. केबल मात्र इथेही शुद्ध तांब्याचीच.

लाइट गेली की वेगळाच घोटाळा उघड होतो. डीव्हीआर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर असतो, एसएमपीएस मात्र साध्या पॉइंटवर. मग डीव्हीआर इमानाने काळा पडदा रेकॉर्ड करत राहतो. कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर असे तिघेही बॅकअपवर हवेत. चार कॅमेऱ्यांचे 20 वॅट, डीव्हीआरचे 15, राउटरचे 10, एकूण 45. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसमधली 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 84 वॅट-तासांची, पण वाटेतली घट धरता तासभरच पुरते. वायफाय कॅमेऱ्याचं चित्र विनावायर येतं, पण वीज त्यालाही ॲडॅप्टरमधूनच लागते.

पावसात पाणी कॅमेऱ्यात शिरतं ते बरेचदा काचेतून नव्हे, वायरीवरून ओघळत. म्हणून जोड बंद बॉक्समध्ये असावा आणि वायर आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे थेंब तिथूनच गळून जातो. वळवाच्या दिवसांत जवळपास वीज पडली, तर बाहेरच्या लांब तारेतून तिचा झटका थेट डीव्हीआरपर्यंत येऊ शकतो. बीएनसीच्या, म्हणजे चित्राच्या तारेच्या, वाटेवर सर्ज प्रोटेक्टर आणि घराला नीट अर्थिंग नसेल, तर एका रात्रीत सगळे पोर्ट जाऊ शकतात. कॅमेऱ्याची वायर 230 व्होल्टच्या वायरीबरोबर एकाच पाईपात घालू देऊ नका.

कोटेशन हातात आलं की त्यात वायरीची ओळ शोधा. नुसतं ‘वायर, 90 मीटर’ असेल तर ते परत द्या आणि तांबं शुद्ध की मुलाम्याचं, विजेची तार किती चौरस मिलिमीटरची, एसएमपीएस किती अँपिअरचा, हे त्यावर लिहून मागा.