कांड्या मोजू नका, आकडा बघा: दुकानातला सिग्नल कसा तपासायचा?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. कसारा स्टेशनला लोकल लागली, दहा-बारा गिऱ्हाईकं एकदम दुकानात, आणि साउंडबॉक्स गप्प! "दादा, पैसे पाठवले" म्हणून सगळे गेले. रात्री हिशेब केला तर एकाचे ३४० रुपये आलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी एक जण सिग्नल बूस्टर घेऊन हजर. साडेचार हजार रुपये. मी घेणारच होतो, पण म्हटलं आधी मोजून तर बघू.

फोनवरच्या कांड्यांवर जाऊ नका. प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपल्या हिशेबाने दाखवतो. खरं माप आहे डीबीएम. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, मग सिम स्टेटस उघडा. (काही फोनमध्ये नावं थोडी वेगळी असतात.) तिथे सिग्नल स्ट्रेंग्थसमोर उणे आकडा दिसेल. तो शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. फोरजीवर साधारण उणे ९० पर्यंत निवांत, उणे ११० च्या खाली गेला की अडचण सुरू.

आता महत्त्वाचं. १० चा फरक म्हणजे १० टक्के नाही, १० पट! उणे ९० पेक्षा उणे ११० चा सिग्नल १०० पट कमी असतो.

मोजताना तीन गोष्टी पाळा:

१. साउंडबॉक्समध्ये ज्या कंपनीचं सिम आहे, त्याच कंपनीचं सिम फोनमध्ये हवं.
२. दुकानातल्या पाच-सहा जागांवर फोन ठेवून मिनिटभर थांबा, आकडा लिहा.
३. सकाळी आणि गर्दीच्या वेळी, दोनदा मोजा.

माझा बॉक्स लोखंडी कपाटाला चिकटून होता. तिथे उणे ११२. शटरजवळच्या फळीवर उणे ९७. म्हणजे चार पावलांवर सुमारे ३० पट जास्त सिग्नल! कारण रेडिओ लहरी धातूवरून परत फिरतात. पत्रा, शटर, फ्रिज, सगळेच आडवे येतात. शिवाय ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३३ सेंटीमीटर, म्हणून वीतभर सरकवलं तरी आकडा बदलतो. बॉक्स फळीवर ठेवला, काम झालं. खर्च शून्य.

आणि बूस्टर? परवानगीशिवाय तो लावणं बेकायदेशीर आहे. त्यामुळे टॉवरला त्रास होऊन आजूबाजूच्या सगळ्यांचे फोन बिघडू शकतात. तुमच्या दुकानापायी शेजाऱ्याचा धंदा बसायला नको.

"आधी जागा, मग यंत्र" हे मोठ्या कामातही चालतं. मुरबाडहून माळशेज घाट चढून गेलं की जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना अवकाशातून येणाऱ्या अगदी क्षीण लहरी टिपतात. ही जागा निवडण्याचं एक मोठं कारण म्हणजे तिथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी होता.

नवीन गाळा भाड्याने घेताय? मग डिपॉझिट देण्याआधी आत उभं राहून, शटर अर्धं ओढून आकडा बघा. पाणी-वीज बघतो तसंच हे. आजचं काम एवढंच: पाच जागा, पाच आकडे, वहीत लिहा. मगच खिशात हात घाला!